एकाच जिवाच्या दोन नोंदी

१८३४ साली आयझॅक ली या अमेरिकी शंखशिंपल्यांच्या अभ्यासकाने गोड्या पाण्यातल्या एका नव्या गोगलगायीचं वर्णन छापलं. नाव ठेवलं 'व्हॅल्व्हाटा अरेनिफेरा'. अरेनिफेरा म्हणजे वाळू वाहणारी. शंखाला नीट वळसे होते, फक्त तो वाळूच्या कणांचा होता. पुढे कळलं की त्यात गोगलगाय कधी राहिलीच नव्हती. एका किड्याच्या अळीने ते घर स्वतः बांधलं होतं.

ली कच्चा अभ्यासक नव्हता. घर समोर होतं, घरमालक गायब होता, आणि त्याने घरावरून मालकाची जात ठरवली. या किड्याचं नाव कॅडिसमाशी. तिच्या वर्गीकरणाची गोष्ट अशाच अर्धवट पुराव्यांची आहे. खंडाळ्याच्या ओढ्यांपर्यंत ती अजून पुरती पोचलेली नाही.

ही खरं तर माशी नव्हेच. दिव्याभोवती येणारा, पंख घराच्या छपरासारखे मिटून बसणारा, लांब मिशांचा तपकिरी किडा पाहिला, तर आपण त्याला पतंग म्हणून सोडून देतो. त्यात फार चूकही नाही, कारण पतंग-फुलपाखरं तिची सर्वांत जवळची भावंडं आहेत. दोघांचा समान पूर्वज २० कोटींहून अधिक वर्षांपूर्वीचा. पतंगाच्या पंखांवर खवले असतात, हिच्या पंखांवर केस. म्हणूनच १८१३ साली विल्यम कर्बीने या गणाला ट्रायकॉप्टेरा, म्हणजे 'केसाळ पंखांचे', हे नाव दिलं.

त्याआधी १७५८ साली लिनियसने हिला 'फ्रिगेनिया' म्हटलं होतं. ग्रीक भाषेत त्या शब्दाचं मूळ वाळक्या काटक्यांशी जोडलेलं आहे. गंमत बघा, लिनियसचं नाव अळीच्या घराकडे बघतं आणि कर्बीचं नाव प्रौढाच्या पंखांकडे. जीव एकच, ओळखीच्या खुणा दोन.

आयुष्यही तसंच दोन ठिकाणी विभागलेलं. अंडी जेलीसारख्या गोळ्यात, पाण्यात किंवा पाण्याच्या काठाशी. अळी पाण्यात वाढते, साधारण पाच वेळा कात टाकते आणि ओठाजवळच्या ग्रंथीतून रेशीम काढते. हे रेशीम ओल्या दगडालाही चिकटतं, कारण त्यातल्या प्रथिनांना फॉस्फेट जोडलेलं असतं आणि कॅल्शियमच्या साथीने ते घट्ट होतं. पाण्याखाली टेप चिकटवून बघा, म्हणजे ही काय करामत आहे ते कळेल! या रेशमाने कुणी वाळूची किंवा पानांच्या तुकड्यांची नळी बांधून ती अंगावर वागवतं, तर कुणी दगडाला जाळं लावून वाहत्या पाण्यातलं अन्न गाळतं. मग कोष. कोषातला जीव जबड्यांनी तो कापतो, पोहत वर येतो आणि पंख पसरतो. प्रौढ होऊन जगायचं ते थोडे दिवस किंवा आठवडे.

१९२४ साली आंद्रेई मार्तिनोव्हने या गणाचे दोन मोठे भाग केले. आधार होता तोंडाजवळच्या मिशीसारख्या अवयवाच्या शेवटच्या पेराचा. ढोबळमानाने बघितलं, तर जाळी लावणारे एका बाजूला पडतात आणि घर घेऊन फिरणारे दुसऱ्या. आज जगात १६,००० हून अधिक जाती नोंदलेल्या आहेत, भारतात हजाराच्या वर.

भारतातल्या नोंदींमागे एक गळवाला आहे. मार्टिन मोझली लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये काम करायचा आणि ट्राउट मासे पकडायचा. मासे हेच किडे खातात म्हणून तो किड्यांकडे वळला. १९३३ पासून त्याने बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात भारतीय कॅडिसमाश्यांवर लेखमाला लिहिली. पुढे १९५०च्या दशकात फर्नांड श्मिड स्वतः भारतीय उपखंडात हिंडला आणि त्याने खूप नव्या जाती नोंदवल्या. मात्र जात ठरते ती मुख्यतः प्रौढ नराच्या जननांगांच्या रचनेवरून. म्हणजे नाव दिव्यावर आलेल्या नराला मिळतं. ओढ्यातली त्याचीच अळी बहुतेक वेळा बिननावाची राहते.

मी डेटाबेसवर काम करतो. एकाच माणसाच्या दोन नोंदी, एकीत नाव, दुसरीत पत्ता आणि दोन्ही जोडणारा क्रमांकच नाही, हे माझं रोजचं दुखणं. त्यामुळे एका नोव्हेंबरात खंडाळ्याच्या ओढ्यात दगड उलटा करून त्याखालची छोटी जाळी पाहिली, तेव्हा मला सगळ्यात आधी तेच आठवलं. पत्ता समोर होता, नाव कुठल्या तरी पेटीत टाचणीवर होतं.

जोडणारा क्रमांक निसर्गाने ठेवलेला आहे. पिकलेल्या कोषात अळीची टाकून दिलेली कात असते आणि आत जवळजवळ तयार नर. एकाच डबीत दोन्ही नोंदी! आता डीएनए जुळवूनही हेच करता येतं. लागतं ते कुणीतरी ओढ्यात उतरणं.

एवढा खटाटोप कशाला? पाण्यासाठी. घाटाच्या कड्यावरून पश्चिमेला पडणारं पाणी कोकणातून अरबी समुद्रात जातं, तर लोणावळ्याच्या बाजूची इंद्रायणी देहू-आळंदी करत भीमेला मिळते. आळंदीचा फेस आपण बातम्यांत पाहतो. बाटलीत भरलेला नमुना त्या क्षणाचं पाणी सांगतो. अळी मात्र महिनोन् महिने त्याच पाण्यात श्वास घेत असते, म्हणून ती सरलेल्या महिन्यांचा हिशेब देते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जैविक निकषांतही अशा जिवांच्या कुळांना गुण दिले जातात. पण गुण कुळाला मिळतात, जातीला नाही. जाळी लावणाऱ्या एकाच कुळात काही जाती घाण बऱ्यापैकी सोसतात, काही लगेच नाहीशा होतात. आधी कोण जातं हे ओळखायचं, तर अळीला नाव हवं.

वनस्पतींच्या बाबतीत खंडाळा नशीबवान ठरला. फादर सांतापाव यांनी इथली झाडंझुडपं टिपली आणि १९५३ साली 'फ्लोरा ऑफ खंडाळा' छापून आलं. काय होतं, काय उरलं, हे त्यावरून ताडून पाहता येतं. ओढ्यांतल्या या बांधकाम करणाऱ्यांना असं पुस्तक लाभलेलं नाही. त्यांच्या वर मात्र आपली बांधकामं जोरात चालू आहेत. एखादा ओढा सिमेंटच्या नळात गेला, तरी दिव्यावर सापडलेल्या नराचं नाव यादीत तसंच राहील. यादी पूर्ण दिसेल आणि ओढा रिकामा असेल.