जुन्या जकातनाक्याचे वळण

मोटारींच्या शर्यती हा काही आमचा विषय नव्हे. परंतु 2023 च्या जुलैअखेरीस चिरंजीवांच्या आग्रहास्तव आम्ही उभयता बेल्जियममधील स्पा-फ्रँकोरशाँ येथे 'फॉर्म्युला वन'च्या शर्यतीस तीन दिवस हजर राहिलो. आर्देनच्या दाट अरण्यातून वळणे घेत जाणारा हा सात किलोमीटरांचा मार्ग. पाऊस थेट आपल्या चोर्ला घाटातला. शनिवारची छोटी शर्यत त्यामुळे लांबली.

कानठळ्या बसविणाऱ्या त्या आवाजापेक्षा आमच्या ध्यानात राहिले ते तेथील एक नाव. उतार संपतो तेथे एक ओहोळ आडवा येतो. लोहयुक्त झऱ्यांमुळे त्याचे पाणी तांबूस, म्हणून तो 'ओ रूज', म्हणजे तांबडे पाणी. त्याच्या पुढे 1939 पर्यंत शर्यतीच्या मार्गाला एक तीव्र वळण होते. त्याचे नाव 'जुना जकातनाका'. 1920 पर्यंत ओहोळाच्या एका अंगास बेल्जियम होता, दुसऱ्या अंगास जर्मनी!

पलीकडचे माल्मेदी हे फ्रेंच भाषकांचे गाव 1815 साली प्रशियाकडे गेले होते. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहान्वये ते आणि जर्मन भाषक ऑइपेन बेल्जियमला जोडण्यात आले. लोकमत अजमावले गेले, पण ते कसे? गुप्त मतदान नाही. ज्याचा विरोध असेल त्याने नोंदवहीत उघडपणे नाव लिहावयाचे. सुमारे 34 हजार मतदारांपैकी नावे लिहिली ती केवळ 271 जणांनी. आम्ही आयुष्यभर सरकारी नोंदवह्या सांभाळल्या. कोरे पान म्हणजे संमती नव्हे, एवढे आम्हांस कळते.

नाका उठला आणि 1921 मध्ये त्याच रस्त्यांवर मोटारसायकलींची पहिली शर्यत झाली. 1940 मध्ये हिटलरने तो मुलूख पुन्हा घेतला. युद्धानंतर तो बेल्जियमला परत मिळाला. एवढ्या उलथापालथीनंतर आज जर्मन ही बेल्जियमची तिसरी अधिकृत भाषा आहे. पाऊण लाखाहून थोड्या अधिक वस्तीच्या या जर्मन भाषक समाजाला ऑइपेन येथे स्वतःचे विधिमंडळ आहे, मुलांना मायबोलीतून शाळा आहेत.

1 नोव्हेंबर 1956 रोजी आपण ज्या राज्यात आलो, त्याचा वाद 2004 साली सर्वोच्च न्यायालयात गेला. तो निवाडा आपल्या हाती नाही. बेळगाव-निपाणीच्या मराठी शाळांत आपली नातवंडे घालावयाची की नाही, हे मात्र आपल्याच हाती आहे. त्या पटावरची जागा कोरी राहू नये, एवढे सुचवून थांबतो.