परतफेड कोणाला?

३० सप्टेंबर १९९३. गणेश विसर्जनाची रात्र सरत होती. पहाटे चारच्या सुमारास किल्लारी परिसर हादरला. दगडमातीच्या जाड भिंतींची घरे कोसळून लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे गाडली गेली. लगोलग राज्यभरातून धान्य, कपडे, पैसा आला. माणसे धावून आली. देणाऱ्यांपैकी अनेकांना किल्लारी नकाशात शोधावी लागली असेल. मग त्यांनी का दिले?

जगण्याच्या स्पर्धेत स्वतःजवळचे दुसऱ्याला देणारा टिकतो कसा, हे कोडे डार्विनलाही पडले होते. १९६४ साली हॅमिल्टनने एक उत्तर दिले: नातलगांत आपलीच जनुके असतात, म्हणून त्यांना केलेली मदत वाया जात नाही. १९७१ मध्ये ट्रिव्हर्सने दुसरे दिले: आज मी, उद्या तू. आपल्याकडच्या शेतकऱ्यांना हे नवे नाही. एक बैल माझा, एक तुझा, ही सावड म्हणजे तेच. रक्त पिणारी वटवाघळेही उपाशी सोबत्याला आपल्या पोटातले रक्त देतात, हे विल्किन्सनने १९८४ मध्ये दाखवले.

पण किल्लारीकर देणाऱ्यांचे ना नातलग, ना सावडकरी. आणि नांदेडच्या गुरुद्वारातील लंगरात पंगतीला बसलेल्याला कोणी नाव-गाव, जात विचारत नाही.

येथे आपण कारण आणि हेतू यांत गल्लत करतो. भूक उत्क्रांत झाली ती शरीराला ऊर्जा हवी म्हणून; जेवताना मात्र आपण ऊर्जेचा हिशोब करत नाही. तसेच करुणेचे. ती छोट्या टोळ्यांत रुजली असावी. पण एकदा रुजल्यावर ती समोरच्याचे नाते तपासत बसत नाही. तिला मर्यादाही आहेत. स्मॉल, लोवेन्स्टाइन व स्लोव्हिक यांच्या २००७ च्या प्रयोगात लोकांनी आकडेवारीपेक्षा नाव व छायाचित्र असलेल्या एका मुलीसाठी अधिक दिले. ज्या संकटाला चेहरा नसतो, उदाहरणार्थ दुष्काळ, ते म्हणूनच मागे पडत असावे. तेथे भावनेला विचाराची जोड द्यावी लागते.

२६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये भूकंप झाला. तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या खेड्यांतील स्त्रिया ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेबरोबर तेथे गेल्या. घर पुन्हा कसे उभे करायचे, हा आपला अनुभव त्यांनी तिथल्या स्त्रियांना सांगितला. ज्यांनी त्यांना दिले होते, त्यांना त्या परत करू शकत नव्हत्या. म्हणून त्यांनी पुढच्याला दिले. सावडीचे वर्तुळ इतके मोठे होऊ शकते, हे आम्हांला त्यांच्याकडून कळले.