सॅल्व्हेज टायटल (मोटरसायकल)

विमा कंपनीने ‘टोटल लॉस’ ठरवलेल्या वाहनाच्या मालकीपत्रावर अमेरिकेतील राज्ये मारतात तो शिक्का. मोटरसायकलवर तो फार लवकर बसतो. फेअरिंग फुटले, पुढचे फोर्क वाकले, टाकीला पोचा पडला, की इंजिन धडधाकट असूनही दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीला भिडतो.

कॅलिफोर्नियात अशी गाडी दुरुस्त करून पुन्हा रस्त्यावर आणता येते. तिचा इतिहास मात्र पुसता येत नाही. मोटार वाहन विभागाकडे अर्ज, सुरक्षा तपासणीचा दाखला आणि प्रत्यक्ष पडताळणी हे सोपस्कार करावेच लागतात. हँडलखाली, चासीच्या मानेवर ठोकलेला १७ अक्षरअंकी क्रमांक अधिकारी वाकून वाचतो. तिथे खाडाखोड दिसली, की चोरीचा संशय आलाच! म्हणून बदललेल्या भागांची बिले जपून ठेवणे शहाणपणाचे.

नव्या मालकीपत्रावरही ‘सॅल्व्हेज्ड’ ही नोंद राहते. विकताना ती लपवणे ही सरळ फसवणूक आहे. किंमत उतरते, पूर्ण विमा मिळणे अवघड जाते, आणि हे गिऱ्हाइकाला आधी कळलेच पाहिजे. विक्रीनंतर ५ दिवसांत विभागाला कळवावे लागते. नाहीतर नव्या मालकाच्या पार्किंग दंडाच्या पावत्या जुन्या मालकाच्या दारात येतात.