क्रिप्टोचे रुपये अडतात, ते बंदीमुळे नव्हे

वरसाव्याच्या नाक्यावर, घोडबंदर रस्ता अहमदाबाद महामार्गाला मिळतो तिथे, ट्रक तपासणीसाठी थांबवला की चालक आधी बिल्टी आणि ई-वे बिल पुढे करतो. माल कुणाचा, कुठून निघाला आणि कुणाकडे चालला, हे कागदावर लागतं. कागद जुळले की ट्रक सुटतो. क्रिप्टो विकून आलेल्या रुपयांनाही हाच नियम लागू आहे, पण तो सांगितला की लोकांना पटत नाही.

लोकांच्या मनात वेगळंच मत घट्ट बसलं आहे: ‘रिझर्व्ह बँकेची बंदी आहे, म्हणून बँका हे पैसे खात्यात टिकू देत नाहीत. तेव्हा एक्स्चेंजच्या भानगडीत न पडता पी-टू-पी करा. खरेदीदार गाठा, रुपये थेट खात्यात घ्या आणि नाणी सोडा.’ या मतातलं निदान चुकीचं आहे आणि त्यावरचा उपाय घातक आहे.

आधी या मताची खरी बाजू. 6 एप्रिल 2018 रोजी रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढून बँकांना आभासी चलनाच्या व्यवहारांना सेवा देण्यास मनाई केली आणि आधीचे संबंध तोडायला तीन महिने दिले. त्या काळात नाणी विकूनही रुपये बँकेत आणायला सरळ वाट उरली नव्हती. बंदीचा समज तिथून आला.

पण 4 मार्च 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केलं. असं पाऊल उचलण्याचा रिझर्व्ह बँकेचा अधिकार न्यायालयाने मान्य केला. मात्र आपल्या अखत्यारीतल्या बँकांचं आभासी चलनाच्या व्यवहारांमुळे काही नुकसान झालं, हे रिझर्व्ह बँकेला दाखवता आलं नाही, म्हणून उपाय प्रमाणाबाहेरचा ठरला. तरीही काही बँका ग्राहकांना त्याच परिपत्रकाचा दाखला देत राहिल्या. अखेर 31 मे 2021 रोजी रिझर्व्ह बँकेलाच सांगावं लागलं की रद्द झालेल्या परिपत्रकाचा आधार घेता येणार नाही. ग्राहकाची ओळख आणि पैशाचा उगम तपासण्याची जबाबदारी मात्र तिने बँकांवर कायम ठेवली.

पुढे सरकारने या व्यवहारांवर कर बसवला. 1 एप्रिल 2022 पासून नफ्यावर 30 टक्के कर आणि 1 जुलै 2022 पासून विक्रीच्या रकमेवर 1 टक्का टीडीएस लागू झाला. 7 मार्च 2023 रोजी एक्स्चेंजना मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली आणलं गेलं. त्यांनी ग्राहकाचं केवायसी करावं, नोंदी ठेवाव्यात, संशयास्पद व्यवहार कळवावेत, असं बंधन आलं. म्हणजे वाट उघडी आहे, तिच्यावर तपासणी आहे.

मग पैसे अडतात कुठे? काही वेळा एक्स्चेंजकडेच. 18 जुलै 2024 रोजी मुंबईच्या वझीरएक्सवरून सुमारे 23 कोटी डॉलरची नाणी चोरीला गेली आणि ग्राहकांचे रुपये काढणंही थांबलं. ते ऑगस्टच्या अखेरीपासून टप्प्याटप्प्याने मिळू लागले. त्यात बँकेचा हात नव्हता.

पण आज सर्वात अवघड पेच आहे तो पी-टू-पीचा. तो जवळून पाहू. समजा, वरसाव्यातल्या एका वाहतूकदाराने 80,000 रुपयांचे यूएसडीटी (डॉलरशी किंमत बांधलेली क्रिप्टो नाणी) विकायला काढले. खरेदीदाराने त्याचा खाते क्रमांक घेतला. त्याच खरेदीदाराने नांदेडच्या एका बाईंना घरबसल्या कामाचं आमिष दाखवलेलं असतं. ‘अनामत या खात्यात भरा,’ असं सांगून तो हाच क्रमांक त्यांना देतो. 80,000 रुपये जमा झाल्याचा मेसेज येतो आणि वाहतूकदार निर्धास्तपणे नाणी सोडतो. ठग नाणी घेऊन पसार होतो आणि बाईंचे पैसे वाहतूकदाराच्या खात्यात राहतात. फसवणूक लक्षात आल्यावर बाई 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवतात. पैशाचा माग काढत तपास याच खात्याशी येतो आणि रकमेवर लियन लागतं, म्हणजे ती रक्कम खात्यातच रोखली जाते.

इथे बँकेने क्रिप्टो पाहिलेलंच नाही. तिच्यासमोर एका फसवलेल्या बाईचे पैसे आहेत. वाहतूकदाराने कर चोख भरला असला, तरी त्या पैशाचा उगम बदलत नाही. चौकशी तक्रार नोंदली त्या ठाण्याकडे असल्याने जवळच्या पोलीस ठाण्यात खेटे घालून लियन उठत नाही. बँक खातं ही मालमत्ता असून तपासात पोलीस ते गोठवू शकतात, हे सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्येच महाराष्ट्र राज्य विरुद्ध तापस नियोगी या खटल्यात सांगितलं आहे. बंदी चुकवण्यासाठी म्हणून जो रस्ता सुचवला जातो, त्याच रस्त्यावर माणूस दुसऱ्याच्या गुन्ह्याच्या साखळीत ओवला जातो.

यावर कुणी म्हणेल, ‘मग निर्दोष माणसाचं सगळं खातं का बंद?’ हा आक्षेप रास्त आहे. वाद 80,000 रुपयांचा असेल, तर घराचा हप्ता आणि चालकांचे पगार अडवण्याचं कारण नाही. केरळ उच्च न्यायालयाने 2023 मध्ये बँकांना हेच सांगितलं: पोलिसांच्या पत्रात जेवढी रक्कम आहे, तेवढ्यापुरतंच खातं रोखा. कुणाच्या तक्रारीवरून, किती रक्कम रोखली, हे ग्राहकाला लेखी कळवणं बँकेला जड जाऊ नये. आपल्या बँकांनी ही शिस्त पाळलीच पाहिजे. पण बँकेची ही चूक सिद्ध झाली, तरी त्यातून क्रिप्टोबंदी सिद्ध होत नाही.

तेव्हा निर्णय असा: अडवणूक होते ती पैशाच्या अनोळखी वाटेमुळे, नाण्यामुळे नव्हे. विक्री नोंदणीकृत एक्स्चेंजवरच करा आणि रुपये स्वतःच्या नावाच्या खात्यातच घ्या. खरेदी-विक्रीच्या नोंदी आणि टीडीएसचे कागद जपून ठेवा. लियन लागलंच तर बँकेकडून तक्रारीचा क्रमांक, पोलीस ठाण्याचं नाव आणि रोखलेली रक्कम लेखी मागा. ते कागद तपास अधिकाऱ्यापुढे ठेवा. तिथे दाद मिळाली नाही, तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. आणि एवढं सांगूनही पी-टू-पी करायचंच असेल, तर पैसे पाठवणाऱ्याचं नाव आधी वाचा. ते खरेदीदाराच्या नावाशी जुळत नसेल, तर नाणी सोडू नका.