माळ, कुरण व माळढोक

भीमेच्या खोऱ्यांतील काष्टी (ता. श्रीगोंदें) हा गांव जनावरांच्या बाजाराकरितां सर्वत्र परिचित आहे. दौंडाहून अहमदनगरास (२०२४ पासून अहिल्यानगर) जाणाऱ्या मार्गावर तो वसला आहे. या प्रांतांत नदीकांठची जमीन काळी व सकस; तेथून वर चढत गेलें म्हणजे मुरमाड, पाणी न धरणारा उघडा माळ लागतो. श्रीगोंदें व कर्जत तालुक्यांतील अशा माळांवर पूर्वीं माळढोक हा थोर पक्षी वावरत असे. त्या पक्ष्याचा व जुन्या दप्तरांचा संबंध काय, असें वाचक विचारतील. तो संबंध निकटचा आहे, हें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

बगळा, करकोचा यांसारख्या मोठ्या पक्ष्यांस आपल्याकडे ढोक म्हणतात; त्यांपैकीं माळावर राहणारा तो माळढोक. नर पंधरा किलोपर्यंत वजनाचा भरतो. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडें घालते. दाट झाडी त्यास मानवत नाहीं. गवतांतील टोळ, किडे व लगतच्या शेतांतील दाणा यांवर त्याचा निर्वाह चालतो. सारांश, अखंड गवत व त्यास लागून कोरडवाहू शेत, हें त्याचें घर होय.

आतां प्राचीनांकडे वळूं. कौटिलीय अर्थशास्त्राची ताडपत्रावरील पोथी म्हैसूरच्या ग्रंथालयांत आली व १९०९ सालीं शामशास्त्री यांनीं ती मुद्रित केली, हें संग्राहकांस ठाऊक आहेच. तिच्या दुसऱ्या अधिकरणांत ‘भूमिच्छिद्रविधान’ नामक प्रकरण आहे. भूमिच्छिद्र म्हणजे जेथें कृषि होत नाहीं अशी भूमि. अशा भूमीवर पशूंकरितां विवीत, म्हणजे चराऊ रान, राखावें. तपोवनें व मृगवनें करावीं, असें तेथें सांगितलें आहे. विवीतावर स्वतंत्र अध्यक्ष नेमलेला आहे. आणि अभयवनांतील मृग, पशु, पक्षी व मत्स्य यांची हिंसा करणारास उत्तम दंड विहित आहे. लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, नापीक भूमि म्हणजे टाकाऊ भूमि, असें ग्रंथकारानें मानलेलें नाहीं. तिलाही प्रयोजन आहे व राखणदारही आहे.

मराठेशाहींत हें प्रयोजन घोडदळानें पुरविलें. पागांस गवत लागे. म्हणून सरकारनें ठिकठिकाणीं कुरणें राखलीं होतीं. पावसाळा सरल्यावर गवत कापून त्याच्या गंजी रचीत. या व्यवस्थेस भूतदयेचें रूप देणें मात्र इतिहासास धरून होणार नाहीं. कुरण घोड्यांसाठीं होतें, पांखरांसाठीं नव्हे. आणि गवत कापण्याची वेठ रयतेच्या माथीं बसे. परंतु जें गवत घोड्यांकरितां राखलें, त्याच्या आश्रयानें काळवीट, लांडगा, तणमोर व माळढोक हेही वाढले, असें आमचें अनुमान आहे.

हा माळ केवढा समृद्ध होता याची कल्पना एका विषण्ण करणाऱ्या नोंदीवरून येते. रॉबर्ट मॅन्सफील्ड नामक इंग्रज शिकाऱ्यानें १८०९ ते १८२९ या वीस वर्षांत अहमदनगर प्रांतीं ९६१ माळढोक मारले, असें नमूद आहे. बंदुकीनें संहार आरंभिला खरा. तथापि आमच्या मतें खरा आघात पुढेंच झाला. १८१८ त पेशवाई गेली व मराठ्यांचें घोडदळ मोडलें. कुरणाचें मूळ प्रयोजनच सरलें. १८३६ पासून भीमेपलीकडील इंदापुरांत गोल्डस्मिड व विंगेट यांची नवी पाहणी सुरू झाली. हलक्या आकारामुळें पडीत जमीन नांगराखालीं येऊं लागली. शेतकऱ्यास त्यांत लाभ झाला, हें नाकारतां येत नाहीं. पण जें ‘कुरण’ होतें तें ‘पडीत’ ठरलें म्हणजे त्याच्या वतीनें बोलणारा कोणी उरत नाहीं.

स्वातंत्र्यानंतर १९७२ त वन्य जीव संरक्षणाचा कायदा झाला. १९७९ सालीं सोलापूर व अहमदनगर जिल्ह्यांतील सुमारें ८,४९६ चौ. कि. मी. प्रदेश माळढोक अभयारण्य म्हणून घोषित झाला. त्यांत माळाबरोबर गांवेंच्या गांवें व पिकतीं शेतेंही आलीं; लोकांस जमिनीच्या व्यवहारांत अडचणी पडल्या व नाराजी वाढली. पुढें क्षेत्र घटवून सुमारें १,२२२ चौ. कि. मी. ठेवण्यांत आलें. कौटिल्यानें भूमिच्छिद्र निवडून अभय दिलें होतें. येथें काळी व माळ एकाच रेषेंत कोंडलीं गेलीं. उलट, कर्जत तालुक्यांतील रेहेकुरीस १९८० त केवळ २.१७ चौ. कि. मी. माळ काळविटांकरितां राखला, तेथें काळवीट आजही चरतांना दिसतात. माळढोक मात्र महाराष्ट्रांत अत्यंत दुर्मिळ झाला असून जगांत उरलेले सुमारें दीडशे पक्षी बहुतेक राजस्थानांत आहेत.

यास्तव संग्राहकांस आमची एक विनंती आहे. रुमाल सोडतांना सनदा, वंशावळी व लढायांचीं पत्रें आपण जपून ठेवतों. गवताच्या गंजीचा हिशेब किंवा कुरणाच्या हद्दीचा वाद निघाला म्हणजे तो बाजूस सारतों. आम्हींही वर्षानुवर्षें असेंच केलें, हें कबूल करणें प्राप्त आहे. त्याच कागदांत गवत कोठें, किती व कोणाच्या राखणीखालीं होतें याचा पुरावा असतो. आज माळ पुन्हा राखावयाचा झाल्यास कोणता राखावा, हा प्रश्न उभा आहे. आणि त्याचें उत्तर देण्यास पक्षी आतां तेथें नाहीं. कुरणाचें नांव, चतुःसीमा, शक व राखणदार एवढें तरी प्रत्येकानें टिपून प्रसिद्ध करावें. कसर लागण्यापूर्वीं हें झालें पाहिजे.