पेशीचें मोजमाप

वसई-विरारच्या किनाऱ्यावर पहांटे ताडावरून उतरविलेला गोड रस, उन्हें चढूं लागलीं कीं, फेसाळतो आणि त्याची ताडी होते. हें कर्तृत्व यीस्ट नांवाच्या सूक्ष्म जीवांचें. यीस्टची पेशी रसांतील साखरेवर पोसते, वाढते आणि एकीच्या दोन होतात. परंतु पिढ्यांमागून पिढ्या गेल्या तरी पेशीचें आकारमान सहसा बदलत नाहीं. विभाजनाची घाई केली तर लेकी खुज्या होत जातील. दिरंगाई केली तर अवाढव्य होतील. मग योग्य वेळ पेशीला कशी कळते?

जर्मन प्राणिशास्त्रज्ञ माक्स हार्टमान यांनीं १९२० नंतरच्या दशकांत अमीबावर एक प्रयोग केला. अमीबा वाढत आला कीं त्याच्या देहाचा तुकडा छाटावयाचा, असा क्रम त्यांनीं महिनोगणती चालविला. तितका काळ तो अमीबा दुभंगला नाहीं. न छाटलेले मात्र वारंवार दुभंगत राहिले. नुसता काळ उलटून भागत नाहीं, वाढ पुरी व्हावी लागते, हें यावरून दिसलें.

पुढचा उलगडा मद्याच्या मडक्यांतूनच झाला. पूर्व आफ्रिकेंतील ‘पोम्बे’ नामक मद्यांतून १८९३ सालीं पौल लिंडनर यांनीं एक यीस्ट वेगळें काढलें होतें. त्याची कांडीसारखी पेशी जाडी न वाढवितां लांब होते आणि सुमारें १४ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या सत्तराव्या हिश्शाएवढी झाली कीं, मधोमध दुभंगते. एडिंबरो येथें मर्डॉक मिचिसन यांच्या प्रयोगशाळेंत पॉल नर्स यांना या जातीच्या कांहीं पेशी निम्म्याच आकारांत दुभंगतांना आढळल्या. हा शोध १९७५ सालीं प्रसिद्ध झाला. स्कॉटलंडांत चिमुकल्यास ‘वी’ म्हणतात. तेंच नांव त्या जनुकास मिळालें. या पेशींची वाढ खुंटली नव्हती. त्यांचा लगाम तुटला होता. ‘वी’ जनुकाचें प्रथिन, विभाजनास चालना देणाऱ्या दुसऱ्या प्रथिनास वेळ येईतों रोखून धरतें. चालना देणारें तसेंच जनुक मनुष्याच्या पेशींतहि असल्याचें मेलानी ली व नर्स यांनीं १९८७ सालीं दाखविलें.

तरीहि पेशी मोजते कशानें? पावाच्या यीस्टविषयीं अमेरिकेंतील स्टॅनफर्ड येथील संशोधकांनीं २०१५ सालीं एक उत्तर सुचविलें: विभाजन अडविणारें एक प्रथिन तेवढेंच राहतें, आणि पेशी फुगली कीं, पाणी वाढविल्यावर आमटींतलें मीठ फिकें पडावें तसें तें विरळ होतें. पुढील कांहीं प्रयोगांशीं हें जुळलें नाहीं. वाद अद्याप मिटलेला नाहीं. विभाजनावरील निर्बंध ढिले पडणें हें कर्करोगाचें एक लक्षण होय. म्हणून मडक्यांतल्या इवल्या जीवाचा हा संयम समजून घेणें मनुष्यालाहि अगत्याचें आहे.