कोंबडीची जकात आणि जुना डिझेल पिकअप

अमेरिकेत १९८१ सालचा एखादा छोटा डिझेल पिकअप विकायला निघाला, की जाहिरातीत बहुधा तीन गोष्टी असतात: गाडी चालू आहे, पत्रा थोडा गंजला आहे, आणि गॅलनला चाळीस मैल जाते. चौथी गोष्ट विकणारा लिहीत नाही, कारण बहुतेक वेळा ती त्यालाही ठाऊक नसते. ही गाडी इतकी दुर्मिळ का, आणि म्हणून तिची किंमत तिच्या वयाला न शोभणारी का, याचे उत्तर गॅरेजमध्ये सापडत नाही. ते १९६३ सालच्या एका सरकारी घोषणेत आहे, आणि त्याही आधी पश्चिम जर्मनीच्या ताटातल्या कोंबडीत. गाडी घ्यावी की न घ्यावी, हे ठरवणाऱ्याने आधी हा इतिहास वाचलेला बरा. #थ्रेड

दुसऱ्या महायुद्धापूर्वी कोंबडीचे मांस युरोपात सणासुदीचे खाणे होते. युद्धानंतर अमेरिकेत कुक्कुटपालन कारखान्याच्या धर्तीवर होऊ लागले, भाव उतरले, आणि अमेरिकी कोंबडी पश्चिम जर्मनीच्या बाजारात स्वस्तात मिळू लागली. तिथल्या शेतकऱ्यांनी ओरड केली. १९६२ मध्ये युरोपीय आर्थिक समुदायाने आपल्या सामाईक कृषी धोरणाखाली आयात कोंबडीवरचा आकार वाढवला आणि अमेरिकेची निर्यात कोसळली. बर्लिनची भिंत उभी राहून जेमतेम वर्ष झाले होते, शीतयुद्ध ऐन भरात होते. तरी केनेडी आणि जर्मन चान्सेलर आदेनाउअर यांच्या पत्रव्यवहारात कोंबडीने बरीच जागा अडवली.

वाटाघाटी फिसकटल्या. अमेरिकेच्या नुकसानीचा आकडा आंतरराष्ट्रीय पंचांनी २ कोटी ६० लाख डॉलर असा ठरवला आणि तेवढ्या मोलाची परतफेड वसूल करायची मुभा तिला मिळाली. केनेडींच्या हत्येला अवघे बारा दिवस झाले असताना, ४ डिसेंबर १९६३ रोजी नवे अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी घोषणा केली. बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन, महागडी ब्रँडी आणि मालवाहू ट्रक या चार वस्तूंवर वाढीव जकात बसली. ट्रकवरची जकात २५ टक्के झाली. ७ जानेवारी १९६४ पासून ती लागू झाली.

यातली मेख समजून घेण्यासारखी आहे. जागतिक व्यापाराच्या नियमांप्रमाणे अशी जकात एका देशापुरती लावता येत नव्हती. ती सगळ्यांच्या मालाला सारखीच लागू होई. पण वस्तू निवडण्याचे स्वातंत्र्य होते. पश्चिम जर्मनीतून अमेरिकेत येणारा ट्रक म्हणजे मुख्यतः फोक्सवॅगनचा, व्हॅनच्याच सांगाड्यावर बेतलेला छोटा पिकअप. वार त्याच्यावर होता आणि तो बसला: वर्षभरात जर्मन ट्रकांची आयात साधारण एक-तृतीयांशावर आली. जपान तेव्हा चित्रात जवळजवळ नव्हताच. पुढे छोटे ट्रक बनवण्यात जग जिंकणाऱ्या त्या देशाला मात्र ज्या भांडणात आपण नव्हतो त्या भांडणाची किंमत मोजावी लागली. स्टार्च, डेक्स्ट्रिन आणि ब्रँडीवरची वाढीव जकात कालांतराने उठली. ट्रकवरची राहिली.

जकात आली की पळवाट येतेच. हौदा न बसवलेला, नुसती केबिन आणि चेसिस असा ट्रक आणला तर जकात अवघी ४ टक्के होती. म्हणून फोर्डने माझ्दाकडून घेतलेला ‘कुरिअर’ आणि शेव्हरोलेने इसुझूकडून घेतलेला ‘लव्ह’ हे पिकअप हौद्याविना बोटीतून उतरत आणि अमेरिकेच्या किनाऱ्यावर त्यांना हौदा जोडला जाई. सुबारूने तर आपल्या ‘ब्रॅट’च्या उघड्या हौद्यात पाठमोऱ्या दोन प्लास्टिकच्या खुर्च्या बसवल्या आणि हे प्रवासी वाहन आहे असे कागदावर सिद्ध केले. (त्या खुर्च्यांवर बसून महामार्गावर गेलेल्यांच्या धैर्याला दाद द्यावी की त्यांची कीव करावी, हे ज्याचे त्याने ठरवावे.) चेसिसची पळवाट १९८० मध्ये बंद झाली.

नेमक्या याच सुमारास डिझेलचा मोसम आला. १९७९ मध्ये इराणमध्ये क्रांती झाली, तेलाचा पुरवठा ढासळला, आणि अमेरिकेत पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या. कॅलिफोर्नियात नंबरप्लेटच्या सम-विषम आकड्यांवरून पेट्रोल घेण्याचे दिवस ठरवून दिले गेले. १९८१ मध्ये पेट्रोल गॅलनला सुमारे १.३५ डॉलरवर होते आणि डिझेल त्याहून काहीसे स्वस्त. अशा वेळी गॅलनला चाळीस मैल, म्हणजे लिटरला सुमारे १७ किलोमीटर जाणारा मालवाहू ट्रक ही चैन नव्हती, दिलासा होता.

प्रत्येक कंपनीने आपापली वाट काढली. फोक्सवॅगनने पेनसिल्व्हेनियात वेस्टमोरलंड येथे कारखानाच थाटला होता. ‘रॅबिट’ या मोटारीच्या पाठीवर हौदा बसवून तिने १.६ लिटर डिझेल इंजिनाचा पिकअप तिथेच बनवला आणि जकातीचा प्रश्न मिटवला. कोंबडीच्या भांडणात जिच्यावर वार झाला होता तीच कंपनी अमेरिकी कामगारांच्या हातून पिकअप बनवून परत आली, हा या कथेतला सर्वांत गोड विरोधाभास म्हणावा लागेल. इसुझू, डॅटसन, टोयोटा आणि मित्सुबिशी यांनीही आपापले डिझेल पिकअप उतरवले. डेट्रॉइटनेही छोटे पिकअप स्वतः बांधायला घेतले. फोर्ड ‘रेंजर’ आणि शेव्हरोले ‘एस-१०’ यांत परदेशी घडणीची डिझेल इंजिने बसली, कारण जकात होती ती ट्रकवर, इंजिन सुटे आणता येत होते.

या गाड्यांची ताकद साधारण ५० ते ६० अश्वशक्ती. आजच्या वाचकाला हा आकडा हास्यास्पद वाटेल. पण तो ज्या रस्त्यासाठी होता तो रस्ता आज उरलेला नाही. तेल वाचवण्यासाठी अमेरिकेने १९७४ पासून देशभर ताशी ५५ मैलांची, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटरची, वेगमर्यादा लागू केली होती. त्या जगात ५० अश्वशक्तीचा ट्रक इतरांच्या बरोबरीने चाले. ही मर्यादा १९८७ मध्ये ग्रामीण महामार्गांपुरती सैल झाली आणि १९९५ मध्ये पूर्ण रद्द झाली. गाडी बदलली नाही, भोवतालचा रस्ता बदलला. जुना डिझेल पिकअप विकत घेणाऱ्याच्या हे पहिल्याच चढावर लक्षात येते, मागे लांबच लांब रांग लागल्यावर.

उतार चढापेक्षा वेगाने आला. १९८४ मध्ये डिझेलवरचा संघराज्य कर गॅलनला १५ सेंट झाला, पेट्रोलवरचा ९ वरच राहिला. १९८६ मध्ये कच्च्या तेलाचा भाव कोसळला आणि काटकसरीचे कारणच नाहीसे झाले. त्यातच जनरल मोटर्सच्या ५.७ लिटरच्या ओल्ड्समोबिल डिझेल इंजिनाने मोटारींमध्ये इतकी बदनामी ओढवून घेतली होती, की ‘डिझेल’ हा शब्दच सामान्य अमेरिकी कुटुंबात नकोसा झाला. त्या इंजिनाच्या हेडचे बोल्ट ताण सोसत नसत आणि इंधनातले पाणी वेगळे करायची सोय त्यात नव्हती. छोट्या जपानी आणि जर्मन इंजिनांचा यात काही दोष नव्हता. पण बाजार असा बारीक भेद करत नाही. फोक्सवॅगनचा पिकअप १९८३ नंतर बंद झाला, जपानी डिझेल एकेक करत गेले, आणि १९८७ नंतर छोटा डिझेल पिकअप अमेरिकेच्या शोरूममधून जवळजवळ नाहीसा झाला.

डिझेल मात्र गेले नाही. ते मोठे झाले. १९८९ मध्ये डॉजच्या अवजड पिकअपमध्ये कमिन्सचे इंजिन आले आणि पुढे अमेरिकेत ‘डिझेल पिकअप’ म्हणजे घोड्यांचा ट्रेलर ओढणारे धूड असा अर्थ रूढ झाला. छोट्याची जागा रिकामीच राहिली. ती भरण्याचा एक प्रयत्न मुंबईहून झाला होता. महिंद्रा अँड महिंद्राने २००६ मध्ये अमेरिकी वितरकाशी करार केला, २.२ लिटर डिझेल इंजिनाचा पिकअप सुट्या भागांत नेऊन तिथेच जोडायचा, म्हणजे कोंबडीची जकात चुकेल, असा बेत होता. २०१० मध्ये प्रदूषणविषयक प्रमाणपत्र हाती आले आणि त्याच वर्षी करार मोडला. प्रकरण कोर्टकचेरीत गेले, ट्रक आलाच नाही. ज्यांच्या बाजार समितीच्या आवारात ‘छोटा हत्ती’ पावलोपावली अडतो, त्या महाराष्ट्रातल्या वाचकांना ही टंचाई चमत्कारिक वाटेल. पण जकातीची भिंत नसती तर असेच काहीसे दृश्य अमेरिकेतल्या छोट्या गावांत दिसले असते, असे मानायला जागा आहे. २०१६ मध्ये शेव्हरोले ‘कोलोरॅडो’ २.८ लिटर डिझेलसह आला. तो आधीच्यांपेक्षा बराच मोठा होता, आणि काही वर्षांनी त्याचेही डिझेल बंद झाले.

आता त्या जाहिरातीकडे परत येता येईल. बचतीसाठी घ्यायची असेल तर हिशेब कागदावर मांडावा. वर्षाला १०,००० मैल धावायचे, पेट्रोलचा जुना छोटा पिकअप गॅलनला २५ मैल देतो, डिझेलचा ४० देतो, असे धरू. एकाला ४०० गॅलन लागतील, दुसऱ्याला २५०. पण १९८१ चा भाव आता उलटला आहे. अमेरिकेत डिझेल बहुधा पेट्रोलपेक्षा महाग असते. ते पाचव्या हिश्शाने महाग धरले तर २५० गॅलन डिझेलची किंमत ३०० गॅलन पेट्रोलएवढी होते. वर्षाची बचत १०० गॅलन पेट्रोल. गॅलनला साडेतीन डॉलर धरले तर ३५० डॉलर. डिझेल पंप एकदा उघडून नव्याने बांधून घेतला की दोन-तीन वर्षांची बचत त्यात जाते. आणि गाडी दुर्मिळ असल्यामुळे खरेदीच्या वेळीच जे जास्तीचे पैसे मोजलेले असतात, ते या हिशेबात धरलेलेच नाहीत. काटकसरीचे साधन म्हणून जन्मलेली वस्तू संग्राहकांची झाली, की तिच्यातून काटकसर निघून जाते.

तरीही ती घेणारे मूर्ख नसतात. ज्याचे काम गावातल्या गावात आहे, ज्याला पाना हातात धरता येतो, त्याच्यासाठी या इंजिनात संगणक नाही, ठिणगीची भानगड नाही. काही ठिकाणी कायदाही त्याच्या बाजूने आहे. कॅलिफोर्नियात १९८१ च्या पेट्रोल गाडीला दर दोन वर्षांनी धुराची तपासणी करून घ्यावी लागते. १९९७ आणि त्याआधीच्या डिझेल गाड्यांना त्यातून सूट आहे. ज्याला ‘रॅबिट’ सापडत नाही तो बाहेरच्या देशातून जुना टोयोटा आणू शकतो, कारण १९८८ च्या कायद्याने २५ वर्षे पूर्ण झालेल्या वाहनाला सुरक्षेच्या मानकांतून मोकळे केले आहे.

पाहायचे काय, ते मात्र कठोरपणे पाहावे. किलोमीटरच्या, तिथल्या भाषेत मैलांच्या, आकड्यावर विसंबू नये. यांतल्या अनेक गाड्यांचा मीटर पाचच आकडी होता, ९९,९९९ नंतर तो पुन्हा शून्यावर येई, आणि इतक्या जुन्या गाडीच्या विक्रीत तो आकडा प्रमाणित करून देण्याचे बंधन नाही. उत्तरेकडच्या राज्यांत हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, म्हणून हौद्याचा रंग नव्हे, खालची चेसिस पाहावी. ‘रॅबिट’ला तर स्वतंत्र चेसिसच नाही, तिच्या बॉडीचा तळ कुजला तर उरते ते फक्त इंजिन. तिचा टायमिंग बेल्ट केव्हा बदलला त्याची पावती मागावी. तो तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. २००६ पासून तिथल्या डिझेलमधले गंधक जवळजवळ काढून टाकले गेले. जुन्या पंपांची रबरी सिले त्या बदलाने काही ठिकाणी गळू लागली, तेव्हा पंपाखाली बोट फिरवून ओल पाहावी. मधल्या काळात कुणी हॉटेलातले वापरलेले खाद्यतेल त्यात जाळले होते का, हेही विचारावे. त्या दशकात तो छंद बऱ्याच जणांना जडला होता.

कॉम्प्रेशनची परीक्षा सर्वांत मोठी, आणि तिला यंत्राआधी थंडी पुरते. जीर्ण डिझेल इंजिन गरम असताना पहिल्या फटक्यात सुरू होते. रात्रभर थंड पडलेले मात्र खरे बोलते. म्हणून विकणाऱ्याने ठरवून दिलेल्या वेळेच्या थोडे आधी पोहोचावे आणि बोलण्यापूर्वी बॉनेटवर हात ठेवावा. ते कोमट लागले, तर त्या दिवशी पैशांची गोष्ट काढू नये. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा जावे.